कोरडा तळहात

धंतोलीतल्या दवाखान्यात आईचं ऑपरेशन सुरू होतं आणि खाली रस्ता फोडणं चाललं होतं. बाकावर बसवेना म्हणून मी खिडकीशी येरझाऱ्या घालत होतो. हवेवर चालणारं ब्रेकर एक पन्नाशीचा माणूस चालवत होता. धुळीनं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मधूनच तो ब्रेकरची हवा बाहेर पडते तिथं तळहात धरायचा आणि निरखून बघायचा. त्या आवाजानं डोकं फिरलं, तसा मी तरातरा खाली गेलो.

"बंद करा हो ते!"

त्यानं तळहात पाहिला आणि ब्रेकरला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद केला. मला वाटलं, माझं ऐकलं. पण त्यानं हवेची नळी सोडवली आणि बाळाला गुटी पाजावी तशी ब्रेकरच्या तोंडात तेलाची बारीक धार सोडली.

"हवेसंग तेल हातावर आलं पाहिजे," तो म्हणाला. "हात कोरडा राहिला का समजाचं, आतल्या आत झिजून राहिलं. वरून काहीच नाही दिसत."

आईचंही वरून काहीच दिसलं नव्हतं.

रस्ता चिडीचूप झाला. वरून ट्रॉलीची चाकं ऐकू आली, मग कुणाची तरी घाईघाईची पावलं. इतका वेळ ब्रेकरच्या आवाजात हे काहीच कानावर येत नव्हतं.

"कोन हाय वर?" त्यानं विचारलं.

"आई."

त्यानं नळी खाली ठेवली आणि मातीच्या ढिगावर बसला. "मंग राहू द्या. आराम भेटू द्या मायले."

वर एक दार आपटलं.

"नको," मी म्हणालो. "चालू करा. लवकर चालू करा."