पंधरवडाभर परदेशी, फुलचूरला

माझा सत्कार आधी झाला आणि जाणं मागे राहिलं. आमच्याकडे हे असंच असतं. माणूस काही करून परत येईल, मग बघू, एवढा धीर कोणाला आहे? निवड झाली म्हटल्याबरोबर एक जण शाल आणायला पळतो, एक जण नारळाला, आणि तिसरा फ्लेक्सवाल्याला फोटो पाठवतो. फुलचूरच्या, म्हणजे आमच्या गावच्या, नाक्यावर माझा फ्लेक्स लागला तेव्हा माझ्याकडे व्हिसा नव्हता. फ्लेक्सवर मात्र माझ्या डोक्याच्या मागून विमान उडत होतं.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे शिकवलेल्या तासांचेच पैसे, बाकी आपण कोणाचे कोणी नाही. पीएचडी केली ती धानाच्या तुसाच्या राखेवर. गोंदियात राइस मिलांना काय तोटा, आणि माझा नवरा एका मिलमध्ये मॅनेजर. बॉयलरखालची राख हवी तेवढी मिळायची. त्या राखेत सिलिका असते, ती किती बारीक, तिचे कण दिसतात कसे, हे माझं काम. आता कण बघायचे तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप पाहिजे, आणि तो नागपूरला. सकाळच्या गाडीने कुप्या पर्समध्ये घालून जायचं, खिडकीतून नमुने आत द्यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचं. काचेच्या आत ऑपरेटर मशीन चालवणार, त्याला वाटतील तिथले फोटो काढणार आणि पेनड्राइव्ह हातात देणार. अहो, माझ्या प्रबंधात त्या मशीनने काढलेले पानंच्या पानं फोटो आहेत, पण मी मशीनसमोरच्या खुर्चीवर एकदाही बसलेली नाही. थोडं डावीकडे सरकवा, त्या कोपऱ्यात काहीतरी वेगळं दिसून राहिलं, असं मी एकदा काचेवर टकटक करून सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणून ती कार्यशाळा. परदेशातलं एक विद्यापीठ, नुकती पीएचडी झालेल्यांसाठी. तिकीट त्यांचं, राहणं त्यांचं, जेवण त्यांचं. आपला नमुना आपण आणायचा आणि मशीनवर स्वतः बसून बघायचा, ऑपरेटर फक्त मागे उभा राहणार. मला परदेश बघायची हौस नव्हती, खरं सांगते. मला ती खुर्ची पाहिजे होती. पीएचडी होऊन ठरावीक वर्षं झाली की अर्जच करता येत नाही, आणि माझं ते शेवटचं वर्ष होतं. निवडीचा मेल आला तेव्हा मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. तशाच पिठाच्या हातांनी सासूबाईंना मिठी मारली. त्यांनी दृष्ट काढली आणि पहिला फोन बालाघाटच्या नणंदेला लावला.

कोणीच नाही म्हटलं नाही, हे मला आजही खुपतं. नवरा म्हणाला, जा ना, मी काही अडवून राहिलो काय. सासूबाई म्हणाल्या, कॉलेजवाले सोडत असतील तर आमचं काय जाते. प्राचार्य म्हणाले, घरून परवानगी असेल तर संस्था तुमच्या पाठीशी उभी आहे. सगळे पाठीशी उभे होते, समोरचं दार उघडायला कोणी पुढे येत नव्हतं.

दार म्हणजे एक साधं पत्र. ही बाई आमच्याकडे नोकरीला आहे, तिची रजा मंजूर आहे, परत येऊन ती इथेच शिकवणार आहे, एवढं कॉलेजने लिहून द्यायचं होतं. व्हिसावाल्यांना ते लागतं, नाहीतर ही तिकडेच राहील अशी त्यांना शंका. कार्यशाळा नेमकी दिवाळीच्या सुट्टीत होती. मला वाटलं बरंच झालं, तासही बुडत नाहीत. मी ऑफिसात गेले तर आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, चष्म्यावरून माझ्याकडे बघत बसले.

"म्याडम, दिवाळीत तुम्ही आमच्या राहतच नाही. सुट्टीच्या आधी तुमची ऑर्डर संपते, सुट्टीनंतर नवीन निघते. मग मी रजा कायची मंजूर करू?"

त्यांचं चूक नव्हतं. मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, नियमात बसत नाही म्हणाले, आणि एक मार्ग सुचवला. सत्काराची बातमी छापून आली आहे ना, त्याचं कात्रण लावा. शाल पांघरलेला फोटो लावा. एवढ्या मानाचा माणूस पळून जाईल काय? आणि मी शहाणी, डॉक्टरेट झालेली बाई, ते कात्रण इंग्रजी भाषांतरासकट अर्जाला जोडून मोकळी झाले. शाल, नारळ, पाठीमागे संस्थेचं बॅनर. तो कागद परदेशातल्या कोण्या टेबलावर गेला असेल तेव्हा त्या माणसाने काय विचार केला असेल, कोण जाणे.

व्हिसा नाकारल्याचं निघायच्या आठवड्यातच कळलं. बॅग भरलेली होती. स्वेटर नवा, राखेच्या कुप्या रुमालात गुंडाळलेल्या. नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मी त्याला सांगितलं की पुढचं वर्ष नाही, पण तो तोवर मिलच्या फोनवर बोलायला लागला होता.

 सासूबाईंनी मात्र उठून पुढच्या दाराला कडी लावली.

"आता दिवाळी होईपर्यंत बाहेर निघू नको वो. अख्ख्या लाइनीत मी सांगून बसली. नाक्यावर फोटो लागून आहे. लोकाईले काय तोंड दाखवू?"

मला संताप आला. पण खरी गोष्ट अशी की मलाही तोंड दाखवायचं नव्हतं. म्हणून मी हो म्हटलं, आणि परदेशी गेले. फुलचूरमध्येच, मागच्या खोलीत.

अंगणात रांगोळी सासूबाईंनी घातली, वाकडीतिकडी. माझी साडी दोरीवर दिसू नये म्हणून धुणं आतच वाळायचं. कोणी बाई फराळाचं ताट घेऊन आली की मी मागे जाऊन बसायची, आणि पुढच्या खोलीत सासूबाई माझ्या तिकडच्या थंडीचं वर्णन करायच्या. एवढी थंडी आहे म्हणते, हात बाहेर काढवत नाही. मी आत घामाघूम. पंख्याचा आवाज होतो म्हणून तोही बंद. हसावं की रडावं कळेना. दुपारी कार्यशाळेच्या पोरांनी ग्रुपवर फोटो टाकायला सुरुवात केली. एक एक जण त्या खुर्चीवर बसलेला, हात गोल बटणावर, तोंडावर पडद्याचा उजेड. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघायची. चेहरा नाही, हात. मला मत्सर वाटत होता.

भाऊबीजेला भावाचा फोन आला. धाकटा आहे माझा, नागझिऱ्यात गाइड. पर्यटकांना जंगल दाखवतो, सुट्ट्यांत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, पण भाऊबीज कधी चुकवली नाही. त्यालाही सासूबाईंनी मी गेले असंच सांगितलं होतं. मी व्हिडिओ बंद ठेवला आणि नेट बरोबर नाही म्हटलं. तो विचारत होता, बर्फ पडतो काय, जेवायला भात मिळते काय. मी हो ला हो करत होते. तेवढ्यात गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा वाजला. आलू ले लो, प्याज ले लो, गोभी बीस की पाव. तो रोजच यायचा, मी विसरूनच गेले होते.

 माझा भाऊ जनावराच्या चाहुलीवर पोट भरणारा माणूस, त्याला भोंगा ऐकू येणार नाही काय.

"ताई, तू घरीच आहेस ना?" तो म्हणाला. "येऊ काय मी? ओवाळून घेतो अन् जातो."

नको म्हटलं. तू आलास तर गल्लीला कळेल, बहीण घरात नसताना भावाला भाऊबीजेला कोण बोलावतं. तो म्हणाला, बरं. फोन ठेवल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. कार्यशाळा गेली त्याचं रडू मला तोवर आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं.

सुट्टी संपली, मी "परत आले". पानवाला म्हणाला, मॅडम, फॉरेन का पानी सूट नहीं किया क्या, दुबली हो गयी. कॉलेजात नवी ऑर्डर घेतली आणि खरं काय ते सांगून टाकायला सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते फोनवर होते. हातानेच बसा म्हणाले, फोनवर हात ठेवून सांगितलं की तुमचाच कार्यक्रम ठरवून राहिलो, अनुभवकथनाचा, आणि कात्रणाने काम केलं ना, मी म्हटलंच होतं. पुन्हा फोन सुरू. मी तशीच उठून बाहेर आले.

कार्यक्रमाला सासूबाई पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. बरोबर भाऊ. त्याला मी बोलावलं नव्हतं, त्यांनीच बोलावलं होतं, त्याला खरं काय ते कळलंय हे त्यांना कुठे माहीत होतं. मला बोलायला उभं केलं तेव्हा माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. ग्रुपवरचे फोटो पाठ होते, मशीनचा रंग, खुर्चीची उंची, बटणं कुठल्या बाजूला. अर्धा तास सहज बोलले असते, कोणाला शंका आली नसती. ओवाळायचं राहिलेला भाऊ समोर बसून चपलेकडे बघत होता. मला बघवेना.

"मी गेले नाही," मी माइकमध्ये म्हटलं. "इथून पत्र मिळालं नाही म्हणून व्हिसा मिळाला नाही. दिवाळीभर मी फुलचूरला घरीच होते."

 सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. भावाने मान वर केली. मला वाटलं आता काहीतरी होईल, कोणी चिडेल, कोणी विचारेल पत्र का नाही मिळालं. आता तरी कोणी विचारेल.

प्राचार्यांनी शांतपणे माइक घेतला. मॅडमचा प्रामाणिकपणा बघा, म्हणाले. पुढच्या वेळेला संस्था त्यांना नक्की पाठवेल, माझा शब्द आहे. टाळ्या कडाडल्या. शाल आणलेली होतीच, बडे बाबूंनी ती पुढे केली. पुढची वेळ नव्हतीच, हे त्या हॉलमध्ये मला एकटीला ठाऊक होतं. शाल खांद्यावर पडली, आणि खांद्यावर शाल पडली म्हणून मला हात जोडावे लागले.