टेंभराची बीअर आणि मागचं दार

मागचं दार मी लावून घेतलं आणि भाऊ बाहेर राहिले. माझी चूक ती एवढीच.

भाऊ आमचे शेजारी. उभा जन्म गोंडपिपरीकडच्या जंगलात वनमजुरीत गेलेला. डावा गाल अस्वलानं ओरबाडून नेलेला, त्यामुळे हसले तरी अर्धंच हसायचे. पाऊल टाकण्याआधी नाक वर करून वारा हुंगायची सवय. तुम्ही हसाल, पण पोस्टात आले तरी दारात थांबून हुंगायचे. "वाघ इचार करते, मास्तर," म्हणायचे. "अस्वल करत नाई."

मी पोस्टमास्तर, त्यात वाचायची खोड. जुन्या काळी अमेरिकेतल्या खेड्यांत पर्सिमन नावाच्या फळाची बीअर करत, आता ती तिकडे पुन्हा होऊ लागलीय, असं कुठंसं वाचलं. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभराचं, तेंदूच्या फळाचं, चुलत भावंड. झालं! पाटीभर टेंभरं आणली, तांदळाच्या कोंड्यात मळून भाजली, माठात आंबवली. चोथा परसातल्या चिकूखाली फेकला आणि दिवस बुडताना भाऊंना चव घ्यायला मागच्या ओट्यावर बसवलं.

भाऊंनी पेला नाकाशी नेला आणि थांबले.

"चोथा कुठी टाकला?"

"चिकूखाली. काऊन?"

त्यांनी नाक वर करून वारा हुंगला. मग मलाही ऐकू आलं. कुणी आंबा चोखावा तसा आवाज, मधेच घरघर. चिकूखालचा काळोख हलला.

"पळू नोका," भाऊ पुटपुटले. "माह्या मांगं राहा."

मी पळालो. कडी कधी लावली, कळलंच नाही.

ती काढायची हे कळत होतं, हात उठत नव्हता. बाहेर चोखणं थांबलं. मग फुसफुस आली, अगदी फळीपलीकडून. भाऊंचा आवाज नाही. मला त्यांचा उजवा, धड गाल दिसत राहिला.

किती वेळानं कोण जाणे, हळूच टकटक झाली.

"गेलं ते, मास्तर. उघडा."

भाऊ भिंतीला चिकटून उभे होते. धोतर ओलं झालेलं. अर्धा सांडलेला पेला अजून हातातच. उरलेली बीअर त्यांनी पिऊन टाकली. "तुरट हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावभर त्यांनीच सांगितलं, मास्तरनं मले आत ओढलं म्हणून वाचलो. मी ते खोडलं नाही. ही दुसरी चूक.

यंदा टेंभरं पिकली तेव्हा भाऊ नव्हते. हिवाळ्यात तापानं गेले. मी नव्या बीअरची बाटली घेऊन त्यांच्या घरी गेलो. भाऊंच्या बाईंनी ती त्यांच्या फोटोपुढे ठेवली. निघताना मी दार ओढून घेऊ लागलो.

"राहू द्या उघडं," बाई म्हणाल्या. "तुमाले दार लावाची लय घाई असते, मास्तर."