इतरच्या रकान्यातले तीन तास

माझी नात अकरा वर्षांची आहे. तिचे आईबाप दिवाळी झाली की मुरबाडच्या अंगाला वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पोरीची शाळा बुडू नये म्हणून दोन वर्षांपासून ती शेणव्याजवळच्या आमच्या वाडीत माझ्यापाशी राहते. मी चौथी शिकलेली. पाढे सोडले तर तिच्या अभ्यासात माझा काडीचा उपयोग नाही.

पौषातली म्हशाची जत्रा आटोपली आणि शाळेत शहरातून दोन मुली आल्या. मोबाईलने मुलांच्या मनावर, तब्येतीवर काय होतं, याचा अभ्यास करत होत्या. घरच्या मोठ्या माणसांना त्यांनी एकेक कागद दिला. पोर किती वेळ फोनवर असतं ते पंधरा दिवस रोज लिहायचं. रकाने चार: खेळ, व्हिडिओ, अभ्यास, इतर. बाकीच्या बायका कुरकुरल्या, मी मात्र कागद आनंदाने घेतला. पोर तेव्हा नीट जेवत नव्हती, चार हाका मारल्या तर एकीला ओ द्यायची. हे फोनमुळे का, ते मला कोणा शिकलेल्या माणसाला विचारायचं होतं. आमच्या घरात विचारायला भिंतीच उरल्या होत्या.

आता आमच्याकडे फोन कसा चालतो ते सांगते. भट्टीवरचं काम पहाटे लवकर सुरू होतं, म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास सून मोकळी होते. ती फोन लावते आणि एका विटेला टेकवून ठेवते. इकडे पोर आपला फोन पडवीच्या खांबापाशी ठेवते, कारण रेंज तिथेच येते. मग दोघी आपापल्या कामाला लागतात. तिकडे चूल पेटते, इकडे तांदूळ निवडून होतात, भांडी होतात, गृहपाठ होतो. बोलणं फारसं नसतंच. मधूनच सून विचारते, पाणी भरलंस का, आणि ही हो म्हणते. आठला तिकडची माणसं झोपायला लागली की फोन बंद. त्यानंतर पोर अर्धा तास ते नाचगाण्याचे तुकडे बघते. ते मला मुळीच आवडत नाही, आणि तेही मी खरंखरं लिहिलं. व्हिडिओ अर्धा तास. इतर तीन तास. पंधरा दिवस तेच.

कागद गोळा झाल्यावर त्या मुलींनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. आमच्या कागदावर लाल खूण होती. शेजारीण म्हणाली, "काकी, तुमची नात शाळेत पयली आली."

त्यांच्यातली थोरली मला समजावू लागली की साडेतीन तास फार होतात, फोन एका तासावर आणा. मग तिने 'इतर'वर बोट ठेवलं.

"आजी, या वेळात ती फोनवर नेमकं काय करते?"

"काय नाय करत. तिची आई तिकडं सैपाक करते, ही इकडं तांदूळ निवडते."

"म्हणजे फोनकडे बघते?"

"कदी बघते, कदी नाय."

मुलगी वाईट नव्हती. चारही रकाने परत बघून ती म्हणाली, याला आमच्याकडे रकाना नाही. मी म्हटलं, मग पाडा एक. तसं मधेच करता येत नाही म्हणे, सगळ्यांना तेच प्रश्न विचारावे लागतात. मग मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. पोर जेवत नाही ते फोनमुळे, की आई जवळ नाही म्हणून? ती म्हणाली, एका मुलाचं सांगता येत नाही. सगळ्यांचं एकत्र करून पुढच्या वर्षी अहवाल येईल.

"पुडच्या वर्षी ती बारा वर्षांची होईल, बाय," मी म्हटलं आणि उठले.

पण लाल खुणेला मी भ्याले, हे खरं. घरी येऊन सांगितलं, उद्यापासून एक तास, घड्याळ लावून. पोर रडली नाही. दुसऱ्या दिवशी फोन लागला आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"बोल की गो," सून म्हणाली.

"काय बोलू?"

आजवर त्यांना बोलावं लागलंच नव्हतं. दहा मिनिटांत फोन बंद झाला, आणि तासातली उरलेली पन्नास मिनिटं पोरीने नाचगाणी बघितली. तीन दिवस हेच. कागदावर आता तो एक तास नीट बसला असता, त्या मुली खूश झाल्या असत्या. मला स्वतःचाच राग आला. साठ वर्षं चूल सांभाळलेली बाई मी, आणि एका रेघेला घाबरले.

चौथ्या दिवशी पाच वाजता मीच फोन खांबापाशी नेऊन ठेवला आणि घड्याळ आत टाकलं. सून भाकऱ्या थापत होती. पोर तांदूळ निवडायला सूप घेऊन बसली. अर्धा तास कोणी बोललं नाही. मग सून थापता थापता थांबली.

"मघापासून डोकं खाजवते ती. उवा झाल्यात. तुमाला दिसत नाय का?"

मला दिसलं नव्हतं. सुईत दोरा ओवता येत नाही मला, उवा कुठून दिसायच्या? पोरीला उजेडात ओढलं, केस वर केले. मानेवर खाजवून खाजवून फोड आले होते, लिखांचा तर थर होता. आठवडाभर तरी पोर झोपली नसणार.

ती अजूनही माझ्या मनासारखी जेवत नाही. ते कशामुळे, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी फणी आणि तेल घेऊन पडवीत बसले, पोर पुढ्यात, आणि सून तिकडून सांगत होती, डाव्या कानामागं राहिलं, अजून खाली, तिथंच.