देवरे सुभेदारांची तहान

पाठ केलेलं उत्तर कानावर पडलं की देवरे सुभेदारांना तहान लागायची. समोरचा बोलत असतानाच ते उठायचे, व्हरांड्यातल्या माठातून तांब्या भरून सावकाश प्यायचे, मिशा पुसत परत यायचे आणि म्हणायचे, "हं, आता तू बोल." माझ्या पहिल्या सराव मुलाखतीत ते पाच वेळा उठले. आणि तेव्हा नाशकात चांगली डिसेंबरची थंडी होती.

लष्करी अधिकारी निवडण्याची पाच दिवसांची परीक्षा जिथे होते, अशा एका केंद्रावर त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं काढली होती. मैदानात फळ्या, पिंपं आणि दोर मांडायचं काम त्यांच्याकडे. "मार्क द्यायला साहेबलोक होते. मी नुसता बघत होतो," असं ते म्हणत, पण हजारो पोरं बघून झालेली ती नजर होती. निवृत्तीनंतर एकलहऱ्याला घराशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांनी हौसेने तसंच मैदान उभारलं. आम्ही आठ-दहा कॉलेजची मुलंमुली रविवारी सकाळी तिथे जायचो. फळीवर उभं राहून कुणी लांबलचक सूचना द्यायला लागलं की सुभेदार खालून ओरडायचे, "भाषण नंतर. आधी फळीचं दुसरं टोक धर."

मी तोवर दोनदा नापास होऊन आले होते. वय बघता तिसरी खेप शेवटची होती. स्वतःची एक चूक सांगा, या प्रश्नाला क्लासने दिलेलं छापील उत्तर मी घोटून ठेवलं होतं: मी प्रत्येक काम जरा जास्तच मनावर घेते. सुभेदार माठाकडे गेले. परत येऊन त्यांनी खुर्ची जवळ ओढली. आम्ही दोघं सटाण्याकडचे, त्यामुळे माझ्याशी बोलताना ते मधूनच अहिराणीत उतरायचे. "घरी काय करस तू?" त्यांनी विचारलं.

मग कांद्याच्या चाळीचं बाहेर पडलं. आप्पा बाहेरगावी होते आणि मजूर आयते मिळाले, म्हणून पात नीट सुकायच्या आधीच मी कांदा चाळीत भरायला लावला होता. थोड्याच दिवसांत वास सुटला. घाबरून मी आठ दिवस गप्प बसले, तेवढ्यात बाजूचा चांगला कांदाही सडला. शेवटी आप्पांना सगळं सांगितलं आणि बायकांबरोबर तीन दिवस बसून एकेक कांदा निवडला. सुभेदार जागचे हलले नाहीत. "हाईच सांग तठे, माय," एवढंच म्हणाले.

मला त्यांचा राग आला. फौजेत निघालेल्या मुलीने आपण घाबरट आहोत हे आपल्याच तोंडाने सांगायचं? प्रत्यक्ष मुलाखतीत तो प्रश्न आला तेव्हा जिभेवर छापील उत्तरच होतं. ते गिळलं आणि चाळीचं सांगितलं. समोरचे कर्नलसाहेब पुढची वीस मिनिटं कांद्यावरून हलेचनात. आपण गेलो कामातून, असं समजून मी बॅग भरली. पाचव्या दिवशी निकालात माझा नंबर पुकारला, तो मला दुसऱ्यांदा ऐकावा लागला. सुभेदारांना फोन केला तर आम्ही दोघंही नुसते हसतच राहिलो.

पुढे वर्षभराने चेन्नईला माझं प्रशिक्षण संपलं. आईआप्पांबरोबर सुभेदारही आले. कोटावर पदकं, डोक्यावर पलटणीची जुनी टोपी. आईने एका खांद्यावर तारे लावले, आप्पांनी दुसऱ्या. मी सुभेदारांच्या पाया पडायला वाकणार, तोच ते एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. मला आयुष्यात मिळालेला पहिला सॅल्यूट, आणि तोही यांचा. डोळ्यांना धार लागली आणि मी बघतच राहिले. वरच्या हुद्द्याच्या माणसाने सॅल्यूट परत केल्याशिवाय खालच्याचा हात खाली येत नाही, हे इतके महिने शिकलेलं मी साफ विसरले. आप्पा कासावीस होऊन माझ्याकडे बघायला लागले. पासष्टीचे सुभेदार कपाळाशी हात धरून ताठ उभे होते. नजर समोर ठेवून, ओठ न हलवता ते पुटपुटले, "हात दुखस आते, मॅडम."