पिवळ्या दिव्याचे तीन आठवडे

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागायला लागला आणि तीन आठवड्यांत माझी नोकरी जायची वेळ आली. दिवा केवढा, तर हरभऱ्याएवढा. एक दातेरी चक्र आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह.

नोकरीचा आणि दिव्याचा संबंध सांगते. मी दादऱ्याला एका प्लास्टिकच्या कंपनीत लॅबमध्ये आहे, राहायला सामरवरणीला. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, क्लच दाबायचा नाही. रिक्षा बदलत जाणंही गुडघ्याला झेपेना. म्हणून ही सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. तिला पायाशी दोनच पेडल. क्लच आत असतो, पण तो गाडी आपली आपणच सांभाळते. त्रेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले, आणि लाज कशाला, सकाळी काच खाली करून वाटेतल्या आमलीतून एकटी निघाले की आपण कोणीतरी आहोत असं मला वाटायचं.

तर एका सोमवारी दिवा लागला, टुंग वाजलं, गाडीने दोन गचके दिले. मी घरी येऊन लगेच सांगितलं. इथेच चुकलं माझं.

आमचे हे सूत कारखान्यात मेंटेनन्सला. मूळचे नाशिकचे, आणि कसारा घाटात गाडी चालवलेला माणूस स्वतःला वैमानिकाच्या जरा वरच समजतो. यांनी माझी चौकशीच लावली. "दोन्ही पाय वापरतेस का? गाडी थांबायच्या आत रिव्हर्स टाकतेस का? सिग्नलला काय करतेस?" सिग्नलला मी काय करणार, थांबते. पुढच्या सोमवारी पुन्हा दिवा, पुन्हा चौकशी. रविवारी गाडी यांच्याकडे असायची, मित्रांना घेऊन खानवेलच्या बाजूला डोंगरात चहा प्यायला जायचे. वर ऐकवायचे, "माझ्या हातात कधी काही होत नाही."

आधी मला राग यायचा. मग राग गेला आणि भीती बसली. ब्रेकवर पाय ठेवतानाही मी विचार करायला लागले की असंच करतात ना? लॅबमध्ये शंभर नमुने न चुकता तपासणारी बाई, पण आपल्याच पायावरचा विश्वास उडाला. माझ्यामुळेच बिघडतेय हे मला खरंच वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात यांनी जेवताना जाहीर केलं, "गिअरबॉक्स पार बसायच्या आत गाडी विकून टाकू. आमच्या कारखान्यातला एक जण रविवारी बघायला येतोय. आपण साधी गिअरची घेऊ."

"आणि मी कशी जाऊ?"

"बघू काहीतरी."

यांच्या 'बघू'ची मला वीस वर्षांची माहिती आहे. त्याचा अर्थ घरी बस. मी म्हटलं, विकायची तर विका, पण आधी मेकॅनिकला दाखवायची. हे ऐकेनात. मी जेवण अर्धं टाकून उठले, तेव्हा कुठे हे तयार झाले.

शनिवारी दुपारी आमलीतल्या गॅरेजात गेलो. मेकॅनिक वयस्कर, गुजराती, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात वापरणारा. त्याने स्टिअरिंगच्या खाली वायर जोडली, हातातल्या डब्यावर वाचलं आणि म्हणाला, "क्लच बहुत गरम थाय छे."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझा दहावीचा निकाल लागला.

"साहेब, मशीन काय झालं ते सांगते," मेकॅनिक म्हणाला. "कोणी केलं ते नाही सांगत. चलो, दोघं चालवून दाखवा."

आधी मी. मेकॅनिक शेजारी, हे मागे. नदीच्या पुलाकडे चढावर ट्रकांची रांग लागली होती. रांग थांबली की मी ब्रेक दाबायचे, सरकली की सोडायचे. वर जाऊन वळून आले. दिवा नाही, टुंग नाही. मेकॅनिक म्हणाला, "बराबर छे, बेन."

मग हे बसले आणि मी मागे गेले. तोच चढ, तीच रांग. रांग थांबली, पण यांनी ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर जागच्या जागी तोलून धरली. घाटातली कला. "बघा, एक इंच मागे जात नाही," वर हेही सांगून झालं. दोन-तीन मिनिटं तसेच ताटकळलो. रबर जळल्यासारखा वास आला, टुंग वाजलं आणि पिवळा दिवा लागला.

आणि यांच्या हाताने काय केलं? डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी बंद केली आणि परत चालू केली. दिवा गेला.

मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "साहेब, आ पहेली वार नथी लागतुं. हे पहिल्यांदा नाही."

"अहो," मी मागून विचारलं, "किती वेळा?"

हे समोरच्या ट्रकची नंबरप्लेट वाचत बसले. मग म्हणाले, "पाच-सहा वेळा. दर रविवारी एक-दोनदा. पण रीसेट मारला की जातो ना. कारखान्यात रीसेटने गेला तो फॉल्ट धरत नाहीत."

धरत नाहीत म्हणून घरीही सांगितला नाही. मी सांगितला, म्हणून मी बिघडवणारी. रविवारी हे क्लच भाजायचे आणि सोमवारी तो माझ्या पायाखाली गचके द्यायचा. चोराच्या उलट्या बोंबा वगैरे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण भर चढावर, मागे ट्रकचे हॉर्न वाजत असताना, मला रडू आलं. सुटल्याचं रडू होतं ते.

यांनी गाडी बाजूला घेतली. मेकॅनिक म्हणाला, चढावर ॲक्सिलरेटरवर धरली की क्लच घासून तापतो; ब्रेक वापरा, क्लच अजून चालेल. तेवढ्यात यांचा फोन वाजला. फोन गाडीला जोडलेला, त्यामुळे गिऱ्हाइकाचा आवाज सगळ्या स्पीकरमधून आला.

"साहेब, शिफ्टवर आहे, पटकन विचारतो. उद्या येऊ ना? तुम्ही म्हणाला होतात ती वहिनींनी बिघडवलेली गाडी बघायला?"

म्हणजे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं तर. यांनी आरशात माझ्याकडे बघितलं. मी डोळे पुसले आणि बघत राहिले.

"विकायची नाही आता," हे पुटपुटले. "आणि ती तुमच्या वहिनींनी नाही, मी बिघडवली."

"काय म्हणालात साहेब?"

"जोरात सांगा," मी म्हटलं. "तिकडे मशीन चालू असतील."