उलथनं धरा, मी आलेच

आई गेल्याची बातमी आली तेव्हा मी बाथरूममध्ये होते. सकाळचे साडेनऊ वाजले होते. कढईत दोडक्याची भाजी अर्धी शिजलेली. आमचे हे फिरायला गेलेले, म्हणून गॅस बंद करून मी गेले आणि इकडे ओट्यावरचा फोन वाजून वाजून थांबला. बाहेर येऊन हात पुसले, पाहिलं तर मधूचे, माझ्या धाकट्या भावाचे, तीन कॉल. मी फोन लावला. "ताई, किती वेळ लावलास..." एवढंच म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. तेव्हा कळलं. लोक सांगतात, अशी बातमी आली की हातातलं तसंच टाकून आम्ही धावलो. माझ्या हातात टाकायला काही नव्हतंच. आईला हे कोणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरोबर जागी होतीस. घाई कशाला करायची, मी कुठे जाणार होते आता."

दीड महिना झाला. गेलेल्या माणसावरच्या लेखात असलं काही लिहायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या नातीने वरच्या चार ओळी वाचल्या. मराठी वाचायला तिला, मला जिना चढायला लागतो तितका वेळ लागतो. मग म्हणाली, "आजी, सीरियसली? पेपरमध्ये?" हौ, पेपरमध्ये. एक्क्याण्णव वर्षं जगलेल्या बाईबद्दल 'प्रेमळ, कष्टाळू, सुगरण' असं लिहून मोकळी झाले, तर तिसरा शब्द वाचून अख्खा काचीगुडा हसेल.

सुगरण ती कधीच नव्हती. कोठी भागातल्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि स्वयंपाकही गणितासारखा करायची, उत्तर आलं की झालं. आमच्या काचीगुड्याच्या घरातली भाजी रोज थोडी खाली लागलेली असे, कारण रोज सकाळी फोडणीनंतर कधीतरी तिची हाक यायची, "अहो, उलथनं धरा, मी आलेच." नाना, म्हणजे माझे वडील, कचेरीत जायच्या तयारीत असायचे. ते वर्तमानपत्र काखेत मारून यायचे आणि डाव्या हातात उलथनं घ्यायचे. ते डावरे होते. सुचलं तर हलवायचे, नाहीतर कढईकडे बघत विचार करायचे. आई येऊन उलथनं परत घेई. एकदा नानांचे साहेब जेवायला आले होते, गरम पुऱ्या चालल्या होत्या, आणि आतून तीच हाक आली. नाना पानावरून उठले. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" नाना म्हणाले, "काही नाही, तिला लघवीला जायचंय." पंधरा वर्षांची मी पानांवर वाढत होते. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. धरणीने घेतलं नाही, साहेबांनी मात्र आणखी दोन पुऱ्या घेतल्या.

आई म्हणायची, संसार-संसार म्हणतात तो एवढाच. आपण उठून गेलो की कढई कोण हलवणार, हे ठरलेलं असलं पाहिजे. बाकीचं हळूहळू जमतं. मला ते फार गावठी वाटायचं. मी तेव्हा कादंबऱ्या वाचत होते, आणि त्यांतल्या नायिकांना लघवी होत नसे.

विद्यानगरमधल्या घरी माझं लग्न ठरलं. जुनं, नेमस्त, देवाधर्माचं घर. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी आईला बाजूला घेतलं. "आई, त्या लोकांत असलं काही बोलायचं नाही हं."

"असलं म्हणजे?"

"असलं म्हणजे... ते."

"लघवी म्हण ना. शब्द आहे, विंचू नाही."

मी रडायलाच लागले. हात पुढे केला आणि वचन मागितलं. आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, अवघड गणित सोडून देणाऱ्या मुलीकडे बघायची तशी, आणि माझ्या हातावर हात ठेवला. "बरं. नाही बोलत."

सासरी स्वयंपाक सोवळ्यात. पहाटे आंघोळ करायची, कोणी शिवू नये म्हणून उंच वलणीवर वाळत घातलेलं लुगडं काठीने काढून नेसायचं आणि चुलीपाशी शिरायचं. आता चुलीच्या जागी गॅस आला होता, नियम तेच होते. मधे लघवीला गेलं की सोवळं मोडलं. पुन्हा आंघोळ, पुन्हा दुसरं वाळलेलं लुगडं. आणि दुसरं लुगडं वाळत घातलेलं कधी नसायचंच. एका बाईमागे एक. असं कुणी ठरवलं होतं, विचारलं तर कुणालाच सांगता आलं नसतं. पुरुषांची पंगत उठेपर्यंत बाई धरून बसायची. सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणत, तीस वर्षं धरून बसल्या होत्या. सासूबाईंनी केलं ते मला का जमू नये? मी तर बी.ए. फर्स्ट क्लास. त्या अकलेने मी एक युक्ती काढली. आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायचं नाही. घसा सुकला तर वेलदोडा चघळायचा. आता तुम्ही कपाळावर हात मारून घेत असाल. मी तेव्हा स्वतःची पाठ थोपटून घेत होते. पहिल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर माहेरी गेले आणि आईला ऐटीत सांगितलं, "पहाटे पाचला सोवळ्यात शिरले ती दीडला बाहेर आले. एकदासुद्धा उठले नाही." आईने तोंड उघडलं. मी डोळे वटारले. तिने तोंड मिटलं आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. तो मी तसाच ठेवला.

नंतर जळजळ सुरू झाली. थोडी थोडी, वरचेवर. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला शब्दच नव्हता ना, विंचूच होता तो. दुसऱ्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना पुरणपोळ्या लाटताना मला हुडहुडी भरली. तव्यासमोर बसून दात वाजत होते. लाटणं हातातून सुटलं आणि मी परातीवर आडवी झाले. पोळी मात्र वाचली, असं माई पुढे कित्येक वर्षं सांगत.

कोठीवरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा आई आधीच येऊन उभी होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. जळजळ मूत्रपिंडापर्यंत पोचली होती. "गुर्दे तक गया है. अब्बी आये सो अच्छा हुआ, और चार दिन में क्या होता अल्ला जाने. कित्ते घंटे रोकते थे तुम?" मी आईकडे पाहिलं नाही. एकशेतीन तापात मी त्यांना सोवळं म्हणजे काय ते समजवायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहीत म्हणाल्या, "हमारे इधर दावत के दिन औरतां का येइच हाल होता, बेटा. नाम अलग है." मग आईकडे वळल्या. "अम्मा, तुम बोले नै इसको?" आई म्हणाली, "नै बोली. गलती मेरी."

विद्यानगरला मला पलंगावर झोपवलं. मी डोक्यावरून चादर घेतली. झोप लागली नव्हती, पण सोंग घेतलं, कारण आई आणि माई पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि आईने घसा खाकरला होता. वचन मोडायच्या आधीचा तो आवाज मी ओळखला.

"विहीणबाई," आई म्हणाली, "एक सांगते. ही सात-आठ वर्षांची असेल. आमच्या शाळेत बाईमाणसाला जायला जागा नव्हती, दहा ते पाच धरायचं. एक दिवस फळ्यावर गणित लिहिता लिहिता मला धरवलं नाही. वर्गात चाळीस मुली. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, तो मी हात लागल्यासारखं करून अंगावर ओतून घेतला. मुली म्हणाल्या, बाई भिजल्या. भिजल्या खऱ्या. त्या दिवशी घरी येऊन ह्यांना सांगितलं, की आजपासून मी कुठेही असले, कढई असो नाहीतर गव्हर्नर असो, मी उठून जाणार. शाळेत हेडबाईंशी भांडून जागा बांधून घेतली. घरात हे उलथनं धरतात. एवढं सगळं केलं, आणि स्वतःच्या मुलीला तेवढं सांगितलं नाही. तिला लाज वाटते म्हणून."

चादरीखाली मी घामाने निथळत होते. तापाचा की लाजेचा, सांगता येणार नाही. वाटलं, आता माई उठून जातील, आणि मी जन्मभर ह्या घरात तोंड लपवून राहीन... मग माईंचा आवाज आला, इतका बारीक की मी चादर कानावरून हळूच सरकवली.

"मला शिंक आली तरी होतं," माई म्हणाल्या. "खोकला आला तरी. गुलबर्ग्याला माझा भाऊ असतो. सहा वर्षं झाली, बसमध्ये बसायचं धाडस होत नाही. तो म्हणतो, बहीण मोठ्या घरची झाली, येत नाही आता."

आईने काय केलं ते मला दिसलं नाही. बांगड्या वाजल्या तेवढ्या ऐकू आल्या. मग खणखणीत आवाज, वर्गातला. "जावईबापू, जरा इकडे या. पूजेला सोवळं नेसता ना तुम्ही? मग त्याच सोवळ्यात स्वयंपाकघरात येऊन उलथनं धरायला देवाची काही हरकत?" आमचे हे तेव्हा चोवीस वर्षांचे, सासूसमोर मान खाली घालून उभे. उत्तर माईंनी दिलं. "धरील तो. आणि उद्यापासून वलणीवर दोन-दोन लुगडी वाळतील."

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांचं पुरण ह्यांनी पार बुडाशी लावलं. महालक्ष्म्यांनी तक्रार केली नाही. माई त्याच डॉक्टरीणबाईंकडे दोन-चार महिने गेल्या, आणि दिवाळीला गुलबर्ग्याची बस धरली. वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावली, कंडक्टरशी भांडल्या, आणि आल्यावर ती हकिगत दारातच सांगितली. ह्या घरात तो शब्द पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला तो माईंच्या तोंडून. माझी हिंमत व्हायला आणखी दहा वर्षं जायची होती. फर्स्ट क्लास बी.ए. ना.

आईला शेवटचं भेटले ती जायच्या आठ दिवस आधी. लघवीची नळी लावली होती, पिशवी पलंगाला टांगलेली. मी बसले तशी म्हणाली, "बघ, आता उठायचंच नाही. राणीचा थाट." मग थोडं थांबून, "नाना असते तर विचारत बसले असते, आता मी धरू काय?" हसली, दमली, डोळे मिटले. मला वाटलं झोपली. डोळे न उघडताच म्हणाली, "तू मला त्या वेळी वचन मागायला नको होतंस. आणि मी द्यायला नको होतं. तेवढं एक गणित चुकलं बघ." मी म्हटलं, "आई, त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली." "झाली असतील. चुकलेलं चुकलेलंच. पुढच्यांचं चुकू देऊ नकोस."

ते आठवलं तेराव्याला. काचीगुड्याला सगळे जमलो होतो. बाकीचं जेवण बाहेरून आलं होतं, पण नैवेद्य घरच्या सुनेने आंघोळ करून, सोवळं नेसून करावा, असं गुरुजींनी सांगितलेलं. मधूची सून श्रुती पुण्याची, इथे एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पोर सकाळी सातपासून रेशमी साडी नेसून ओट्यापाशी उभी होती. अकराला मी आत गेले तर ती शिरा हलवत होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. तो नाच मी ओळखते.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"झालंच आत्या. दहा मिनिटं. आता सोडला तर शिरा लागेल, आणि पुन्हा आंघोळ करायची म्हणजे गुरुजींना उशीर..."

"पाणी प्यायलीस सकाळपासून?"

ती हसली. शिरा हलवत राहिली. बाहेरच्या खोलीत गुरुजी, मधू, पाच-पंचवीस माणसं, आणि फोनवर बोलत तिचा नवरा अनिकेत. मला वाटलं, हळूच त्याला खूण करावी. आणि लगेच वाटलं, हळूच कशाला? हळूच करून करून तर माझे गुर्दे जायची वेळ आली होती. मी दारात उभी राहिले आणि चाळीस मुलींच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अनिकेत, आत ये आणि उलथनं धर. श्रुतीला लघवीला जायचंय. सोवळ्याचं पाप माझ्याकडे."

मधूने छताकडे पाहिलं. गुरुजींना पिशवीत काहीतरी शोधायचं आठवलं. शोधता शोधता ते म्हणाले, "मातोश्रींचीच लेक तुम्ही. होऊ द्या सावकाश." अनिकेतने फोन खिशात घातला, आत आला आणि बॅट धरावी तसं दोन्ही हातांनी उलथनं धरलं. जाता जाता श्रुतीने माझा दंड इतका घट्ट दाबला की संध्याकाळपर्यंत दुखत होता. शिरा लागला. आईच्या फोटोसमोर तोच ठेवला.

साड्या, भांडी वाटली गेली तेव्हा मी ते उलथनं तेवढं मागून घेतलं. मधू म्हणाला, "ताई, भंगार आहे ते." आहेच. लोखंडाचं, मूठ काळी पडलेली. उलथनं वापरून वापरून एका कोपऱ्याला झिजतं, ज्या हाताने बाई कढई खरवडते त्या बाजूला. हे दोन्ही कोपऱ्यांना झिजलंय. उजवा कोपरा जास्त, डावा थोडा कमी. नानांचं आयुष्य आईपेक्षा थोडं कमीच होतं.

आज सकाळी पुन्हा दोडकेच होते. फोडणीनंतर मी हाक मारली, "अहो, उलथनं धरा, मी आलेच." आमचे हे काखेत वर्तमानपत्र घेऊन आले. पंचाहत्तर वर्षांचे झाले, अजून हलवायचं सोडून कढईकडे बघत विचार करतात. मी सावकाश गेले, सावकाश आले, वाटेत पेलाभर पाणी प्यायले. भाजी खाली लागली होती. आईची लागायची तेवढीच.