सुनेची परीक्षा, माझी पाठ

माझी धाकटी सून इस्पितळात आया आहे. पेशंटला कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, ही कामं तिने इतकी वर्षं केलीत की हात आपले आपण चालतात. चाळिशी ओलांडल्यावर तिच्या मनाने घेतलं, नर्स व्हायचं. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून शनिवार-रविवारच्या वर्गात नाव घातलं. मी स्वतः चौथीच्या पुढे गेले नाही, पण तिला म्हटलं, "जा तू. भाजी मी चिरते."

वर्गातल्या पोरी तिच्या लेकीच्या वयाच्या. हाडांची नावं पाठ करताना तिच्या तोंडाला फेस आला, पण लेखी पेपरात ती पास झाली. नापास झाली ती प्रात्यक्षिकात, म्हणजे रोजच्याच कामात! पेशंटला कुशीवर वळवायचं होतं. हिने बाह्या सारल्या आणि वळवून मोकळी झाली. परीक्षक बाई म्हणाल्या, "त्यांच्याशी एक शब्द तरी बोललात का? काय करणार ते आधी सांगायचं, विचारायचं, मग हात लावायचा."

घरी आली ती धुसफुसतच. "आई, वॉर्डात एकेकाशी गप्पा मारत बसले तर शेवटच्या खाटेपर्यंत संध्याकाळ होईल!"

माझा मुलगा फ्रिज दुरुस्त करतो. तो म्हणाला, "माझे पेशंट बरे. काही विचारावं लागत नाही."

"तुम्ही गप्प बसा हो!"

महिन्याभराने फेरपरीक्षा होती. तीही हुकली तर सगळं वर्ष पुन्हा करायचं, आणि तेवढं बळ आपल्यात उरलेलं नाही, असं तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा सराव हवा. सरावाला पेशंट हवा. घरात आयतं म्हातारं माणूस मी एकटी.

ती ड्यूटीवरून आली की दुपारी मी खाटेवर आडवी व्हायचे. पहिल्या दिवशी तिने पाठ केलेलं घडाघडा म्हटलं आणि मी "हो" म्हणायच्या आत माझं तोंड भिंतीकडे! हात सराईत, दुखलं काहीच नाही. पण छातीत धस्स झालं आणि मी खाटेची कड गच्च धरली.

"अगं, मी काय गादी आहे का?"

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझी बोटं एकेक करून सोडवत म्हणाली, "सगळे असंच धरतात, आई. मला वाटायचं, आधाराला धरतात."

त्यानंतर पेशंट म्हणून मी जरा चेकाळलेच. कधी "नको" म्हणायचे, कधी "आधी उशी नीट कर," कधी चक्क बहिरी व्हायचे. कमरेवर हात ठेवून ती म्हणायची, "खरे पेशंट एवढा छळ करत नाहीत!" पण थांबायची. माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारायची.

फेरपरीक्षा खऱ्या पेशंटवरच होती. तिच्या वाट्याला एक तिरसट म्हातारबुवा आले. तिने सांगितलं, विचारलं. ते म्हणाले, "हात लावायचा नाही!" शेजारच्या खाटेपाशी परीक्षा देणारी पोरगी काम उरकून गेलीसुद्धा. बाई घड्याळ बघत होत्या. हिचे हात शिवशिवत होते, पण ते तिने पाठीमागे बांधले आणि वाकून विचारलं, "कुठे दुखतंय, बाबा?"

"मग?" ती घरी आल्यावर मी विचारलं.

"मग काय, खांदा दुखत होता. दुसऱ्या कुशीवर चालेल म्हणाले. पण त्याआधी लेकाची सगळी गाऱ्हाणी ऐकवली."

"आणि बाई?"

"म्हणाल्या, उशिराचे गुण कापते. बाकीचे सगळे देते." मग तिला हसू आवरेना. "पास झाले, आई!"

"चला, माझी सुटका झाली."

"कुठली? पुढच्या वर्षी इंजेक्शनं आहेत."

मी मुलाकडे बोट दाखवलं. तो चहा टाकायला उठला.